सोसायटीच्या पाण्याची तपासणी: टीडीएस पेन, ओटी बाटली, डीपीडी, एचटूएस आणि लॅब यांपैकी पैसे कशावर घालावेत

ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत पाणी गढूळ आलं की ग्रुपवर बाटलीचा फोटो पडतो आणि पाठोपाठ कोणीतरी टीडीएस पेन बुडवून सांगतं, ‘९५ आलंय, पाणी उत्तम आहे.’ हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो महागात पडू शकतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जंतूंशी त्याचा संबंध नाही. धरणाच्या मऊ पाण्यात शंभराला एक-दोन भाग सांडपाणी मिसळलं तर पेनवरचा आकडा पाच-दहानेच वर सरकेल, पण तेवढ्या पाण्याने अख्ख्या विंगमध्ये कावीळ, टायफॉइड किंवा जुलाब पसरू शकतात. म्हणून या परीक्षणात आधी जे घ्यायला हवं ते, मग जे उगाच घेतलं जातं ते आणि शेवटी लॅब, अशा क्रमाने जाऊ. कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही. क्लोरीन मोजणारी ओटी काय, डीपीडी काय, कंपनी कुठलीही असो, त्या चाचणीचं रसायन तेच असतं. फरक पडतो तो बाटलीवरच्या तारखेने आणि वापरणाऱ्याच्या हाताने.

आपल्याकडचं पाणी कुठून येतं हे माहीत असेल तर कोणती तपासणी कुठे करायची ते कळतं. ठाणे महापालिकेची स्वतःची योजना भातसा नदीचं पाणी पिसे बंधाऱ्यावरून उचलते आणि टेमघरला शुद्ध करते. त्याशिवाय ठाण्याला उल्हास नदीवरून स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचं, कळवा-मुंब्रा-दिवा भागात एमआयडीसीचं आणि काही भागांत मुंबई महापालिकेचं पाणी येतं. नवी मुंबईचा मुख्य आधार मोरबे धरण, त्याचं शुद्धीकरण भोकरपाड्याला होतं. खारघर-कामोठ्याकडे सिडकोमार्फत हेटवण्याचं पाणी जातं. हे सगळं धरणाचं किंवा नदीचं, म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी. सह्याद्रीच्या पावसाचं असल्याने मुळातच मऊ. फ्लोराइड, जास्तीचा कठीणपणा हे विदर्भ-मराठवाड्यातल्या बोअरचे प्रश्न आपल्या नळात सहसा नसतात. आपला धोका वेगळा आहे. शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घालून निघालेलं पाणी वीस-तीस किलोमीटर पाइपातून येतं, ठरावीक तासच येतं, मग सोसायटीच्या खालच्या टाकीत पडतं, पंपाने वर चढतं आणि गच्चीवरच्या टाकीत उन्हात बसतं. बिघाड बहुतेक वेळा या शेवटच्या टप्प्यात होतो.

पाणी ठरावीक वेळीच सोडलं जात असल्याने उरलेला वेळ पाइपात दाब नसतो. जोडणी गटाराला लागून गेली असेल आणि सांधा गळका असेल, तर पाणी बंद असताना बाहेरची घाण आत ओढली जाते. लाइनला थेट पंप लावला असेल तर ओढ आणखी वाढते. दुरुस्तीसाठी शटडाऊन झाल्यावर येणारं पहिलं पाणी गढूळ असतं ते याचमुळे, शिवाय पाइपाच्या तळाचा गाळही त्यासोबत उठतो. ते पहिलं पाणी टाकीत न घेता दहा-पंधरा मिनिटं बाहेर सोडणं हे कुठल्याही किटपेक्षा स्वस्त संरक्षण आहे.

ओटी बाटली: सगळ्यात आधी हीच घ्या

ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. छोटी बाटली, एक-दोन काचेच्या नळ्या आणि रंगांची पट्टी, असा संच दोनेकशे रुपयांच्या आसपास मिळतो. ग्रामपंचायतीच्या पाणी कर्मचाऱ्यापासून पालिकेच्या आरोग्य सेवकापर्यंत सगळे हीच वापरतात. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर पिवळा रंग येतो, नसेल तर पाणी जसंच्या तसं राहतं. सोसायटीसाठी सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच आहे: क्लोरीन शिल्लक आहे का? आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा आणि विषाणूंचा धोका असेल तेव्हा किमान ०.५. क्लोरीन शिल्लक असणं म्हणजे वाटेत आलेल्या घाणीशी लढूनही काही उरलंय. शून्य येणं म्हणजे एक तर तो वाटेतच खर्ची पडला किंवा टाकीत पडून पडून उडून गेला. दोन्ही वेळा त्यानंतर आत शिरणाऱ्या जंतूला अडवणारं काही उरलेलं नसतं.

पद्धत अशी. नळ दोन मिनिटं वाहू द्या. नळी त्याच पाण्याने दोनदा विसळा, खुणेपर्यंत भरा, किटवर सांगितलेले थेंब टाका, बूच लावून एकदा उलटी करा. मग पांढऱ्या कागदापुढे दिवसाच्या उजेडात धरून दहा सेकंदांच्या आत वाचा. लगेच येणारा लिंबासारखा पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा. इथेच बहुतेक लोक चुकतात. थेंब टाकून नळी कट्ट्यावर ठेवतात, फोनवर बोलतात आणि पाच मिनिटांनी फोटो काढतात. तोवर जोडलेला क्लोरीन, म्हणजे अमोनियाशी बांधला गेलेला, हळूहळू रंग देतो आणि आकडा फुगतो. मोकळा आणि जोडलेला मिळून एकूण किती हे बघायचं असेल तर तीच नळी पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा वाचा. आणि हा फरक नुसता आकड्यांचा नाही. आधी जवळपास काहीच नाही आणि मग सावकाश पिवळेपणा चढतो, असं झालं तर पाण्यात अमोनिया किंवा सेंद्रिय घाण आहे असा संशय धरा. खालच्या टाकीजवळून ड्रेनेज लाइन जात असेल तर तो संशय आणखी पक्का करा.

रंगावरून आणखी काही गोष्टी कळतात. पिवळ्याऐवजी नारिंगी-लालसर रंग आला तर क्लोरीन फार जास्त आहे. टाकी धुऊन नुकतीच टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घातली असेल तेव्हा असं दिसतं. हिरवट-निळसर छटा आली तर ओटीचं द्रावण जुनं झालंय किंवा थेंब कमी पडलेत. जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपातून गंजाचं लोह येत असेल, किंवा पाण्यात नायट्राइट वा मँगनीज असेल, तर क्लोरीन नसतानाही फिकट पिवळं दिसू शकतं. म्हणून थेंब टाकण्यापूर्वीच दुसऱ्या नळीत नुसतं पाणी घेऊन बाजूला धरा. ते मुळातच पिवळसर असेल तर ओटीवर विसंबू नका.

ओटीची उणी बाजू गंभीर आहे आणि ती किटवर क्वचितच लिहिलेली असते. ऑर्थोटोलिडीन कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या रसायनांमध्ये मोडतं आणि द्रावणात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. नळीचं तोंड अंगठ्याने दाबून हलवणं ही सवय सगळीकडे दिसते, ती आधी बंद करा. बूच नसलेला संच घेऊच नका. हातमोजे घाला, बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, तपासलेलं पाणी पिण्याच्या भांड्यात परत ओतू नका. ते उरलेलं पाणी ब्लीचिंग पावडरच्या बादलीतही टाकू नका, ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

डीपीडी: थोडं महाग, पण कमिटीने हेच घ्यावं

एखाद्या घरात अधूनमधून बघायला ओटी चालेल. पण सोसायटीचा सुपरवायझर दर आठवड्याला तपासणार असेल तर डीपीडी घ्या. यात गुलाबी रंग येतो, गोळी किंवा पुडी ॲसिडच्या थेंबांपेक्षा हाताळायला सुरक्षित असते आणि मोकळा क्लोरीन वेगळा मोजता येतो. १० मिली पाण्यात एक नंबरची गोळी चुरून विरघळवायची, एका मिनिटात रंग जुळवायचा: हा मोकळा क्लोरीन. त्याच नळीत तीन नंबरची गोळी टाकून दोन मिनिटांनी पुन्हा वाचायचं: हा एकूण. दोन्हींतला फरक जोडलेला. ओटीत पंधरा मिनिटं ताटकळून जे अंदाजाने कळतं ते इथे स्वच्छ दिसतं.

डीपीडीचा एक फसवा गुण मात्र लक्षात ठेवायलाच हवा. क्लोरीन खूपच जास्त असेल तर गुलाबी रंग येऊन क्षणात उडतो आणि नळी कोरी दिसते. टाकी धुतल्यावर पहिल्याच तपासणीत शून्य आला म्हणून पुन्हा पावडर ओतल्याचे प्रकार यामुळेच होतात. संशय आला तर नमुन्याचा एक भाग आणि क्लोरीन नसलेल्या पाण्याचे नऊ भाग मिसळून पुन्हा बघा आणि आलेला आकडा दहाने गुणा. आरओचं पाणी या कामाला चालतं. दुसरी अडचण आपल्या हवेची. जून ते सप्टेंबर गोळ्यांची पट्टी उघडी राहिली की त्या ओल धरतात आणि डागाळतात. अशी गोळी फेकून द्या. सुट्या पुड्यांऐवजी फॉइलमध्ये एकेक बंद असलेल्या गोळ्या घ्या आणि पाकीट सिक्युरिटी केबिनच्या खिडकीत न ठेवता ऑफिसच्या कपाटात ठेवा.

आता नमुना कुठे घ्यायचा. हेच खरं निदान आहे, आणि एका नळाची तपासणी करून ते होत नाही. पाणी सुटलेलं असताना मीटरजवळ किंवा टाकीत पडणाऱ्या बॉलकॉकच्या तोंडाशी पहिला नमुना घ्या. दुसरा खालच्या टाकीतून, शक्य तर पंपाच्या डिलिव्हरीवरच्या चाचणी नळातून. तिसरा जी विंग टाकीपासून सगळ्यात लांब आहे किंवा जिथे बरेच फ्लॅट बंद असतात, तिथल्या एका स्वयंपाकघराच्या नळातून, प्युरिफायरच्या आधी. प्युरिफायरमधला कार्बन क्लोरीन खाऊन टाकतो, त्यामुळे त्याच्या पुढे शून्यच येणार आणि तो दोष नाही.

मीटरजवळ ०.५, खालच्या टाकीत ०.४, लांबच्या नळाला ०.२ असं उतरत आलं तर सगळं ठीक. मीटरजवळच शून्य असेल तर प्रश्न लाइनचा आहे, पालिकेच्या पाणी विभागाकडे तक्रार करायची आणि त्याच दिवशी शेजारच्या सोसायटीचा नमुनाही बघायचा. त्यांच्याकडेही शून्य असेल तर बिघाड पालिकेच्या लाइनवर कुठेतरी आहे, त्यांच्याकडे क्लोरीन असेल तर तुमचीच नळजोडणी तपासायला हवी. मीटरजवळ ०.५ आणि खालच्या टाकीत ०.१ असेल तर दोष तुमच्या टाकीत आहे. तळाला गाळ साचलाय, झाकणाच्या कडेने पावसाचं पाणी उतरतंय, ओव्हरफ्लो पाइपाला जाळी नाही, किंवा भिंतीला तडा जाऊन शेजारच्या ड्रेनेज चेंबरचं पाणी झिरपतंय. शेवटची शक्यता पडताळायला एक साधी गोष्ट पुरते: टाकी रिकामी करून रात्रभर ठेवा आणि सकाळी टॉर्च घेऊन भिंती बघा. ओल कुठून फुटते ते उघड्या डोळ्यांना दिसतं. चेंबर भरलेलं असताना हे करा, कोरड्या चेंबरशेजारी काही सापडणार नाही.

खालच्या टाकीत क्लोरीन आहे पण गच्चीवरच्या टाकीत नाही, असं एप्रिल-मेमध्ये फार दिसतं. काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीत तापलेलं पाणी आणि सुट्टीत गावी गेलेली घरं. पाणी फिरत नाही, क्लोरीन उडून जातो. टाक्या पूर्ण न भरता दिवसभरात संपेल एवढंच पाणी चढवलं की फरक पडतो.

क्लोरीन स्वतः घालायची वेळ आली तर हिशेब सोपा आहे. ५०,००० लिटर पाण्याला लिटरमागे १ मिलिग्रॅम म्हणजे ५० ग्रॅम क्लोरीन लागतो. टीसीएल पावडरमध्ये साधारण २५ टक्के धरला तर २०० ग्रॅम पावडर. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर १ लिटर. पावडर थेट टाकीत कधीच ओतू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली भरून पंधरा मिनिटं निवळू द्या, वरचं निवळच तेवढं टाकीत सोडा आणि तळचा चुना फेका. अर्धा तास थांबा आणि मग डीपीडी करा. ०.५च्या आसपास आलं तर पुरे. उघड्या पोत्यातली, ओल लागलेली पावडर पावसाळ्यात महिनाभरात ताकद गमावते, म्हणून हिशेब बरोबर असूनही शून्य येतो. तेव्हा मात्रा वाढवत बसण्यापेक्षा पावडर बदला.

घोडबंदर रोडवर टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांनी एक नियम पाळावाच: टँकरचा पाइप टाकीत सोडण्याआधी त्याच्या तोंडाशी डीपीडी किंवा ओटी करायची. शून्य आला तर एक तर टँकर परत, नाहीतर वरच्या हिशेबाने क्लोरीन घालून अर्धा तास पंप बंद. दोन मिनिटांचं काम आहे आणि वॉचमनला एकदा दाखवलं की जमतं.

एचटूएस बाटली: जिथे क्लोरीन शून्य, तिथे ही

ही जंतूंची घरगुती चाचणी. १९८२ मध्ये भारतीय संशोधकांनी प्रसिद्ध केलेली पद्धत आहे ही, आणि आज ती ग्रामीण पाणीपुरवठ्यात देशभर वापरली जाते. बाटलीच्या तळाशी पट्टी किंवा पावडर असते. त्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि २४ ते ४८ तास ठेवायचं. विष्ठेसोबत येणारे बरेच जंतू हायड्रोजन सल्फाइड (म्हणजेच एचटूएस) तयार करतात, त्याने बाटलीतलं लोह काळं पडतं. खराब नमुन्यात आधी पट्टीच्या कडा राखाडी होतात, मग पाण्यात काजळी उतरल्यासारखी दिसते आणि शेवटी अख्खी बाटली शाईसारखी काळी होते. २४ तासांच्या आत काळी झाली तर पाणी पिण्याचं लगेच थांबवा, उकळूनच वापरा. दुसऱ्या दिवशी सावकाश काळवंडली तर दूषितपणा कमी असेल, पण आहेच. एक बाटली साधारण पन्नास रुपयांच्या आत-बाहेर पडते.

या चाचणीचं मोल जपायचं असेल तर तिच्या मर्यादा आधी समजून घ्या. ती बहुधा २० मिली पाण्यावर होते. मानक मात्र १०० मिलीत ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू एकही नको म्हणतं. म्हणजे थोडासा दूषितपणा हिच्या नजरेतून सुटू शकतो. बाटली काळी झाली नाही याचा अर्थ पाणी निर्धोक आहे असा नाही, ढोबळ घाण सापडली नाही एवढाच. दुसरं, क्लोरीन असलेल्या पाण्यात ही चाचणी करून फारसं काही हाती लागत नाही, कारण त्या क्लोरीनने बहुतेक जंतू आधीच मारलेले असतात. म्हणून आधी डीपीडी करा आणि जिथे शून्य येईल तिथेच एचटूएस वापरा, पैसेही वाचतात. प्युरिफायरमधून निघालेल्या पाण्यालाही ही योग्य, तिथे क्लोरीन नसतोच. तिसरं, बोअरच्या पाण्यात गंधकावर जगणारे निरुपद्रवी जंतू असतात, त्यांनीही बाटली काळी होते. बोअरचा निकाल काळा आला तर घाबरण्याआधी लॅबला पाठवा.

तापमानाचं भान ठेवा. ३० ते ३७ अंशांत ही नीट चालते. उन्हाळ्यात ठाण्यात नुसती कपाटात ठेवली तरी पुरतं, पण डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा उतरतो आणि निकाल रेंगाळतो. तेव्हा इन्व्हर्टरच्या बाजूला किंवा फ्रिजच्या मागच्या कोमट भागाजवळ ठेवा आणि पूर्ण ४८ तास द्या. भरताना नळाचं तोंड आधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. काळ्या झालेल्या बाटलीत आता कोट्यवधी जंतू आहेत. ती उघडून वास घेऊ नका. ब्लीचिंगचं द्रावण घालून अर्धा तास ठेवा, संडासात ओता, हात साबणाने धुवा. कचऱ्यात तशीच टाकली तर सफाई कामगाराच्या हाती फुटते, हे फार चुकीचं आहे.

टीडीएस पेन: एका कामाचं, पण त्या कामाचं चांगलं

पेन फेकून द्या असं म्हणणं नाही. दोन-तीनशे रुपयांत येतं आणि एक प्रश्न ते झटकन सोडवतं: आज टाकीत कुठलं पाणी आहे? धरणाचं पाणी बहुधा शंभराच्या आसपास असतं. बोअरचं त्याच्या कितीतरी पट, आणि ऐरोली, वाशी, कळव्याकडे खाडीलगत तर आणखी चढं. त्यामुळे मीटरजवळ ९० आणि खालच्या टाकीत २६० आलं, तर बाहेरून काहीतरी मिसळतंय हे नक्की: टँकरने बोअरचं पाणी आणलं, किंवा फ्लशिंगच्या टाकीची आणि पिण्याच्या टाकीची कुठेतरी जोडणी झालीय. हा दुसरा दोष नव्या उंच इमारतींत प्लंबरच्या चुकीने घडतो, आणि तो शोधायला पेनइतकं स्वस्त साधन नाही. एक आकडा काही सांगत नाही. त्याच दिवशीचे दोन ठिकाणचे आकडे बरंच सांगतात.

पेन प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि ठरावीक गुणकाने टीडीएस काढतं. टोकाला क्षार चिकटले की आकडा घसरतो. महिन्यातून एकदा टोक व्हिनेगरमध्ये पाच मिनिटं बुडवून साध्या पाण्याने धुवा आणि ३४२ पीपीएमच्या तयार द्रावणात तपासा. बुडवल्यावर हलकेच टिचकी मारून बुडबुडे झटका. बॅटरी मरत आली की आकडा नाचायला लागतो.

याच आकड्याच्या जोरावर घरोघरी आरओ विकलं जातं, त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५००च्या खाली टीडीएस असलेल्या पाण्यासाठी आरओवर बंदी घालण्याचे निर्देश केंद्राला दिले होते. मोरबे किंवा भातशाच्या पाण्याला आरओ लावलं तर बरंच पाणी मोरीत जातं आणि आधीच थोडी असलेली खनिजंही निघून जातात. धरणाच्या पाण्याला गाळणी आणि यूव्ही पुरतं. पाणी टँकर-बोअरचं असेल तर गोष्ट वेगळी.

सोळा गोष्टी एका पट्टीवर दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्यांवर पैसे घालू नयेत. शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, एवढ्या बारीक पातळीचा फरक डोळ्याने जुळवायच्या रंगावरून ठरवता येत नाही. डबी एकदा उघडली की दमट हवेत बाकीच्या पट्ट्याही बिघडतात.

लॅब: वर्षातून दोनदा, पण नमुना नीट दिला तरच

पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि टाकी धुतल्यावर लॅबची तपासणी करावी. लॅब निवडताना ‘एनएबीएल मान्यताप्राप्त’ एवढं वाचून थांबू नका (एनएबीएल ही लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था). एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या लॅबचा स्कोप बघा. त्यात पिण्याच्या पाण्याची सूक्ष्मजैविक तपासणी आहे का? कित्येक लॅबची मान्यता फक्त रासायनिक घटकांसाठी असते. अहवालावर एनएबीएलचं चिन्ह आणि यूएलआर क्रमांक, म्हणजे त्या अहवालाचा स्वतंत्र क्रमांक, हवा.

सगळ्या मानकाची तपासणी करून घ्यायचा आग्रह लॅब करते आणि बिल काही हजारांत जातं. धरणाच्या पाण्यासाठी त्याची गरज नाही. एकूण कॉलिफॉर्म (ई. कोलाय ज्यात मोडतो तो जंतूंचा मोठा गट), ई. कोलाय, गढूळपणा, पीएच, टीडीएस, क्लोराइड, नायट्रेट आणि अमोनिया एवढं मागा. वाचलेल्या पैशात दुसरा नमुना द्या, आणि हे महत्त्वाचं आहे: एक मीटरजवळचा, एक खालच्या टाकीचा, दोन्ही एकाच तासात घेतलेले. टाकीच्या नमुन्यात अमोनिया, नायट्रेट आणि क्लोराइड तिन्ही मीटरपेक्षा वर असतील तर सांडपाणी शिरतंय, मग जंतूंचा निकाल काहीही असो.

जंतूंच्या तपासणीची बाटली लॅबकडूनच आणा. ती निर्जंतुक असते आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, ते क्लोरीन मारतं म्हणजे वाटेत जंतूंची संख्या बदलत नाही. ती बाटली विसळायची नाही. विसळली की थायोसल्फेट गेलं आणि निकाल खोटाच चांगला येतो. नळाला लावलेली जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, धार बारीक करा, बाटली भरताना वर बोटभर जागा ठेवा. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्य तर सहा तासांत पोहोचवा. रात्री भरून सकाळी दिलेला, गाडीच्या डिकीत तापलेला नमुना देऊ नका. लॅबचा माणूस येऊन नमुना घेणार असेल तर त्याच्याकडे बर्फाचा डबा आहे का आणि तो जागेवरच क्लोरीन मोजतो का, हे बघा. लॅबमध्ये काही तासांनी मोजलेल्या मोकळ्या क्लोरीनच्या आकड्याला अर्थ नसतो.

अहवाल आला की आधी ई. कोलायची ओळ वाचा. ‘१०० मिलीत अनुपस्थित’ किंवा एमपीएन (जंतूंची संभाव्य संख्या काढण्याच्या) पद्धतीत ‘१.८ पेक्षा कमी’ म्हणजे सापडले नाहीत. ई. कोलाय नाहीत पण एकूण कॉलिफॉर्म आहेत, तर बहुधा टाकीतला गाळ, पाइपातला बुळबुळीत थर किंवा उघडं झाकण कारण असतं. टाकी धुवा, क्लोरीन वाढवा, आठवड्याने पुन्हा तपासा. ई. कोलाय निघाले तर विष्ठेचा संपर्क आहे, मग टाकी धुऊन भागत नाही, गळती सापडेपर्यंत पाणी उकळायचं. गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) आत हवा, फार तर ५ पर्यंत चालतो. त्याच्या वर गेला की क्लोरीन घालूनही भरवसा नाही, कारण मातीच्या कणांआड जंतू टिकून राहतात.

पालिकेकडे तक्रार करताना नुसता फोटो पाठवू नका. मीटरजवळच्या नमुन्याचा अहवाल, त्या दिवशी पाणी सुटण्याची वेळ, त्याच वेळचा क्लोरीनचा आकडा आणि शेजारच्या किमान एका सोसायटीचा आकडा जोडा. टाकीतल्या नमुन्यावर केलेली तक्रार ‘तुमची टाकी धुवा’ या एका ओळीत परत येते. मीटरजवळचा नमुना खराब असेल तर तसं उत्तर देता येत नाही, जोडणी आणि लाइन बघायला माणूस पाठवावा लागतो.